पिसं फुटायच्या दिवसांत : कोंबडीपालनाविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी चार ते अठरा आठवड्यांच्या पिल्लांचे आणि तलंगांचे (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्यांचे) प्रश्न घेतले आहेत. कोणी पिसांबद्दल विचारलंय, कोणी उकरण्या-चरण्याबद्दल. या वयात प्रश्न पिसांचा असला तरी त्याचं उत्तर बरेचदा मातीत सापडतं, म्हणून दोन्ही विषय वेगळे काढलेले नाहीत.

प्रश्न : परसात पाच आठवड्यांची आठ पिल्लं आहेत. पंख आणि शेपूट छान आली, पण पाठ आणि मान उघडी आहे. मधेच लव, मधेच काटे. दोघांची पिसं मात्र अंगभर पुरी झालीत. बाकीच्यांना काही रोग आहे का? अंगावरून पांढरा कोंडाही झडतो.

उत्तर : हा रोग नाही, वय आहे. पिल्लाच्या अंगावर पिसं पट्ट्यापट्ट्यांनी येतात आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो. पंखांची लांब पिसं पहिल्या काही दिवसांतच डोकावतात. दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास शेपटीची टोकं दिसतात, मग खांदे, छातीच्या दोन्ही बाजू आणि मांड्या. पाठ, पोट, मान आणि डोकं सगळ्यांत शेवटी. चौथ्या-पाचव्या आठवड्यात पिल्लू अर्धवट सोललेल्या कणसासारखं दिसतं ते यामुळेच.

काटे म्हणजे कोवळी पिसं. प्रत्येक पीस केराटिन या प्रथिनाच्या पातळ नळीत गुंडाळलेलं बाहेर येतं. आतलं पीस तयार झालं की नळी वरून खाली सुकत जाते, पिल्लू चोचीने ती फोडतं आणि तिचा चुरा होतो. तुम्हाला दिसतो तो कोंडा हाच. उवांची शंका फेडायची असेल तर गुदद्वाराभोवतीची पिसं फुंकर मारून वेगळी करा. पिसाच्या बुडाशी घट्ट चिकटलेले पांढरट गठ्ठे दिसले तर ती उवांची अंडी. नळीचा चुरा बोटाने झाडला की पडतो, अंडी पडत नाहीत.

दोन पिल्लं पुढे का गेली? पिसं लवकर की उशिरा फुटणार हे ठरवणारं एक जनुक लिंगाशी जोडलेल्या झेड गुणसूत्रावर असतं, आणि उशिरा फुटण्याचा गुण प्रभावी असतो, म्हणजे दोन्ही गुण एकत्र आले तर तोच दिसतो. लेगहॉर्नसारख्या हलक्या, अंडी देणाऱ्या जातींची पिल्लं पाच-सहा आठवड्यांत अंगभर पिसांची होतात. ब्रह्मा, कोचीन, प्लिमथ रॉक अशा जड जातींना आठवडा आठवा उजाडतो, आणि त्यातही नर पिल्लं बहिणींच्या मागे राहतात. मिश्र पिल्लांत असा फरक दिसणारच.

एक कारण मात्र पाळणाऱ्याच्या हातात असतं : जास्तीची ऊब. सतत गरम जागेत ठेवलेल्या पिल्लांची पिसं रेंगाळतात. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३२ ते ३५ अंश सेल्सिअस पुरे. मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करत २१ अंशांपर्यंत यायचं. त्यापुढे, पिसं आली असतील तर, ऊब देणाऱ्या दिव्याची गरज नाही. थर्मामीटरपेक्षा पिल्लांची बसण्याची जागा खरं सांगते. दिव्याखाली एकावर एक चढत असतील तर थंडी वाजतेय. भिंतीला चिकटून चोची उघड्या टाकून बसली असतील तर दिवा वर उचला.

आठवा आठवडा उलटूनही पाठ उघडीच असेल, किंवा उघड्या जागेवर लाली, खपली, मोडलेले खुंट दिसत असतील, तर पिसं उगवत नसून कोणीतरी ती उपटतंय. त्याबद्दल पुढे येतंच आहे.

प्रश्न : अंगभर छान पिसं आली होती. आठव्या आठवड्यात पुन्हा झडू लागली. एवढ्या लहान वयात पिसं टाकतात का?

उत्तर : टाकतात, आणि एकदा नव्हे. पहिला पोशाख मुठीएवढ्या पिल्लाच्या मापाचा असतो. सातव्या-आठव्या आठवड्यापासून तो उतरायला लागतो आणि बाराव्या-तेराव्या आठवड्यापर्यंत दुसरा येतो. त्यानंतरही बदल सुरूच राहतात. मोठ्या कोंबडीची खरी पिसं विसाव्या आठवड्याच्या आसपास पुरी होतात. वर्ष-दीड वर्षाच्या कोंबडीची दिवस लहान होताना होणारी पिसगळ निराळी. त्या वेळी अंडी थांबतात आणि पक्षी उघडावाघडा दिसू शकतो. तलंगेत तसं होत नाही. जुनं पीस नव्या पिसाने ढकललं जातं, त्यामुळे कातडी सहसा उघडी पडत नाही.

एक साधी खूण लक्षात ठेवा. गळलेली पिसं अखंड असतात आणि जमिनीवर पडलेली सापडतात. अंगावरची पिसं कमी होताहेत पण खुराड्यात एकही सापडत नाही, असं असेल तर ती कोणाच्या तरी पोटात जाताहेत.

प्रश्न : सात आठवड्यांच्या बारा तलंगांमध्ये तिघींच्या शेपटीच्या बुडाशी जखमा झाल्यात. खाद्य चांगलं आहे, पाणी आहे, उवा नाहीत. तरी एकमेकींना टोचतात. भांडकुदळ जात आहे का?

उत्तर : हे भांडण नाही. भांडणारी कोंबडी समोरून, डोक्यावर आणि तुऱ्यावर चोच मारते. शेपटीच्या बुडाशी, पाठीवर मागून टोचणारी शांत असते. ती अन्न शोधत असते, फक्त चुकीच्या जागी. पिसं टोचण्याच्या सवयीचं सर्वांत पटणारं स्पष्टीकरण हेच आहे : उकरून-टोचून शोधण्याची ओढ जमिनीवर भागली नाही की ती शेजारणीच्या पाठीवर वळते. कोंबड्यांचा पूर्वज लाल रानकोंबडा जागेपणीचा निम्म्याहून जास्त वेळ जमीन टोचण्यात आणि उकरण्यात घालवतो. पुढ्यात भरलेलं भांडं असलं तरी ही ओढ जात नाही. भांड्यातलं खाद्य अर्ध्या-पाऊण तासात पोटात जातं, उरलेल्या दिवसाचं काय करायचं?

आणि वय नेमकं घातक आहे. चार ते आठ आठवड्यांत शेपटीच्या बुडाशी निळसर, रक्ताने भरलेली कोवळी पिसं एकत्र फुटतात. एखादं चोचीखाली फुटलं, लाल थेंब दिसला, की सगळ्या तिथेच धावतात. टोचणं ही सवय एकीकडून दुसरीकडे शिकली जाते, म्हणून पहिल्या दिवशीचा उपाय दहाव्या दिवशीच्या उपायापेक्षा दहापट सोपा.

आज करायचं ते असं. जखमी तिघींना वेगळं काढा, पण नजरेआड नको. त्याच खुराड्यात जाळीचा आडोसा करून ठेवा, नाहीतर परत सोडताना त्या परक्या ठरतात. जखम कोमट मिठाच्या पाण्याने धुवा. लाल रंग झाकेल असा गडद फवारा पशुवैद्यकाला विचारून मारा. कातडी मिटेपर्यंत परत सोडू नका. सुरुवात करणारी एकच सापडली, तर तिलाच दोन-तीन दिवस वेगळं ठेवणं जास्त गुणकारी ठरतं.

मग जागा मोजा. चार ते आठ आठवड्यांच्या तलंगेला आत किमान १ चौरस फूट, सोळा आठवड्यांपर्यंत २, पुढे ४ चौरस फूट. बाहेरचं आवार मोठ्या कोंबडीला ८ ते १० चौरस फूट. खाद्याच्या भांड्याची कड या वयात प्रत्येकीला ६ ते ७ सेंटिमीटर मिळाली पाहिजे. कमी पडत असेल तर मोठं भांडं आणण्यापेक्षा दुसरं भांडं दूर ठेवा, म्हणजे दादागिरी करणारी एक तलंग दोन्ही राखू शकत नाही. रात्रभर पेटणारा पांढरा दिवा असेल तर बंद करा.

खरा इलाज पुढचा आहे. जमिनीवर ८ ते १० सेंटिमीटर कोरडा भुसा किंवा चिरलेला पेंढा पसरा. रोजच्या खाद्यातलं ५ ते १० ग्रॅम प्रत्येकी बाजूला काढून दिवसातून दोन-तीनदा त्यात विखरून टाका. भांड्यात वाढायचं नाही, शोधायला लावायचं. पालेभाजीची जुडी चोचीच्या उंचीवर, हलेल अशी टांगा. गवताची मुळं-मातीसकटची ढेप उलटी करून ठेवा. कोपऱ्यात कोरडी माती, वाळू आणि लाकडाची राख यांचं पसरट खोकं ठेवा, पिसं साफ राखायला त्यांना मातीत लोळावंच लागतं. गोळीखाद्य देत असाल तर काही दिवस त्याच दर्जाचं, गोळ्या न केलेलं भरडखाद्य देऊन बघा. तेवढंच खाद्य भरडीच्या रूपात संपवायला जास्त वेळ लागतो आणि चोच कामात राहते. कंटाळा हा शब्द कोंबडीसाठी वापरायला काहींना आवडत नाही, पण खुराड्यात दुपारी तीन वाजता डोकावून बघा.

चोच छाटणं हा पर्याय सुचवणारे भेटतील. परसातल्या दहा-बारा पक्ष्यांसाठी त्याची गरज पडत नाही.

प्रश्न : मोठ्या अंडी देणाऱ्या कोंबड्या आणि दहा आठवड्यांच्या तलंगा एकत्र आहेत. सगळ्यांना लेअर खाद्य (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं) दिलं तर चालेल? शिवाय मक्याचा भरडा त्यांना फार आवडतो.

उत्तर : लेअर खाद्य नको. त्यात ३.५ ते ४.५ टक्के कॅल्शियम असतं, वाढत्या पिल्लाला साधारण १ टक्का लागतं. उरलेलं मूत्रपिंडांना बाहेर टाकावं लागतं. काही आठवडे हे चाललं तर मूत्रपिंडं कायमची खराब होतात आणि वरून काही दिसत नाही. एकत्र कळपात उलटं करा : सगळ्यांना ग्रोअर (वाढत्या तलंगांचं खाद्य) द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. अंडी देणाऱ्या गरजेपुरता खातात, तलंगा एखाददुसरी चोच मारून सोडून देतात.

पिसांच्या दृष्टीने प्रथिनांचा हिशेब महत्त्वाचा. पीस जवळपास सगळं प्रथिनच असतं, ८५ ते ९० टक्के केराटिन. केराटिनला गंधकयुक्त अमिनो आम्लं लागतात, आणि त्यातलं मेथिओनिन शरीरात तयार होत नाही, खाद्यातूनच यावं लागतं. सहा-आठ आठवड्यांपर्यंत १८ ते २० टक्के प्रथिनांचं स्टार्टर, पुढे अंड्यावर येईपर्यंत १५ ते १७ टक्क्यांचं ग्रोअर, ही सर्वसाधारण रीत.

आता भरड्याचं गणित. दहा-बारा आठवड्यांची तलंग दिवसाला सुमारे ६० ग्रॅम खाते. १६ टक्क्यांचं ग्रोअर असेल तर तिला ९.६ ग्रॅम प्रथिनं मिळतात. त्यातल्या २० ग्रॅमच्या जागी मका गेला, ज्यात प्रथिनं जेमतेम ८ ते ९ टक्के, तर एकूण ८.१ ग्रॅमच उरतात. म्हणजे १६ टक्क्यांचं खाद्य आणून तुम्ही साडेतेरा टक्क्यांचं वाढताय, तेही दुसरा पोशाख विणला जात असताना, आणि मक्यात मेथिओनिन अगदीच थोडं. पिसं निस्तेज, विसविशीत येतात, एकमेकींची पिसं खाण्याकडे कल वाढतो. भरडा, उरलंसुरलं अन्न, फळांच्या साली हे सगळं मिळून दिवसाच्या खाद्याच्या दहाव्या भागापुढे जाऊ देऊ नका. साठ ग्रॅममध्ये सहा ग्रॅम, म्हणजे चमचाभर. उकरण्याच्या निमित्ताने विखरायचं तेही यातच धरा, किंवा मग ग्रोअरच विखरा.

प्रश्न : पिल्लं बाहेर मातीत कधी सोडायची? सहा आठवडे थांबा असं कोणी म्हणतं, कोणी म्हणतं दुसऱ्या आठवड्यापासून.

उत्तर : दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण ‘सोडणं’ दोन प्रकारचं असतं. कोरड्या, वारा नसलेल्या दिवशी, हवा २१ अंशांच्या वर असताना तीन-चार आठवड्यांच्या पिल्लांना २० ते ३० मिनिटं जाळीच्या खोक्यात गवतावर ठेवता येतं. दिवसभर सोडायचं ते पाठ आणि छाती पिसांनी झाकल्यावर, म्हणजे सहा ते आठ आठवड्यांनी. वय मोजण्यापेक्षा पाठ बघा. लव ओली झाली की ऊब धरत नाही. पहिली पिसंही पावसात फार तग धरत नाहीत, त्यामुळे भिजलेलं पाच आठवड्यांचं पिल्लू तासाभरात गारठून पडू शकतं.

बाहेर नेण्याआधी दोन-तीन दिवस बारीक खडी सुरू करा. निव्वळ स्टार्टर खाणाऱ्या पिल्लाला तिची गरज नसते, पण गवताचं पातं, बी, किडा पोटात गेला की तो दळायला पेषणीत (पोटातल्या दळणाऱ्या पिशवीत) खडे लागतात. लहान पिल्लांना १ ते २ मिलिमीटरचे कठीण दगडी कण, दोन महिन्यांनंतर २ ते ३ मिलिमीटरचे. शिंपल्यांचा चुरा ही खडी नव्हे, तो पोटात विरघळून जातो.

बाहेरचा धोका फक्त मांजर किंवा घार यांचा नाही. रक्ती हगवणीचाही आहे, जी कॉक्सिडिया नावाच्या आतड्यातल्या परजीवीमुळे होते. कॉक्सिडियाची अंडी विष्ठेतून पडतात आणि उबदार, ओलसर जागी एक-दोन दिवसांत लागण करण्याजोगी होतात. तीन ते आठ आठवड्यांची पिल्लं तिच्या तावडीत सर्वांत जास्त सापडतात. थोड्या थोड्या संपर्काने अंगात प्रतिकारशक्ती येते, एकदम मोठा डोस मिळाला तर पिल्लू आजारी पडतं. म्हणूनच छोट्या, कोरड्या फेऱ्यांपासून सुरुवात चांगली आणि एकाच जागी चिखल होईपर्यंत ठेवणं वाईट. पाण्याच्या भांड्याभोवतीचा ओला भुसा रोज उचला. भांडं पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर विटेवर ठेवा, म्हणजे उकरलेली घाण आत उडत नाही. जाळीचं खोकं दर एक-दोन दिवसांनी सरकवा आणि वापरलेल्या तुकड्याला निदान तीन-चार आठवडे विश्रांती द्या.

पिसं फुलवून, डोळे मिटून, खांदे पाडून बसलेलं पिल्लू, फिकट तुरा, विष्ठेत रक्त किंवा शेंदरी शेंब दिसली तर त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे विष्ठेचा नमुना न्या. ॲम्प्रोलियम हे या हगवणीवरचं औषध दिलं गेलं तर त्या काळात बी-१ असलेली जीवनसत्त्वं पाण्यात घालू नका. ते औषध बी-१ ची नक्कल करूनच परजीवीला उपाशी मारतं, आणि तुम्ही वरून ते पुरवलंत तर औषध वाया जातं.

राहता राहिलं परत येणं. नव्या खुराड्यात पाच ते सात दिवस आतच ठेवा, म्हणजे रात्रीची जागा डोक्यात पक्की होते. डबा खुळखुळवला की खाऊ मिळतो हे या दिवसांतच शिकवा. पहिल्यांदा मोकळं सोडायचं ते सूर्यास्ताच्या तासभर आधी, खाद्य न देता. उजेड ओसरला की पाय आपोआप घराकडे वळतात. पुढे रोज अर्धा-पाऊण तास आधी सोडत जा.

प्रश्न : तलंगांना मोकळं सोडलं तरी त्या दारापाशीच उभ्या राहतात. उकरत नाहीत, चरत नाहीत. आईशिवाय वाढल्यात म्हणून असेल का?

उत्तर : उकरणं शिकवावं लागत नाही. दोन-चार दिवसांचं पिल्लू गुळगुळीत पुठ्ठ्यावरही उकरतं : एक पाय, दुसरा पाय, एक पाऊल मागे, मान खाली, टोच. आई शिकवते ते काय खायचं आणि कुठे शोधायचं. कोंबडी दाणा उचलते, टाकते, वर विशिष्ट कुटकुट करते, आणि पिल्लं त्या जागी टोचतात. हे काम बोटाने करता येतं. माती दोन बोटांनी उकरा, त्यात दोन-तीन वाळवलेल्या अळ्या किंवा खाद्याचे कण टाका आणि त्यावर बोटाने टकटक करा. एक जरी धीट निघाली तरी बाकीच्या तिचं बघून करतात. उकरण्यात मुरलेली मोठी, शांत कोंबडी सोबत असेल तर चार दिवसांचं काम.

पण दारापाशी उभं राहण्याचं कारण बहुधा भीती असतं. कोंबडी मुळात झाडोऱ्यातला पक्षी. उघड्या आकाशाखाली ती फार पुढे जात नाही, कारण वरून झडप येते हे तिला जन्मजात ठाऊक असतं. दर तीन-चार मीटरवर काहीतरी आडोसा द्या : झुडूप, चार विटांवर टेकवलेली फळी, उलटी टोपली, वाळक्या फांद्यांचा ढीग. त्या एका आडोशाकडून दुसऱ्याकडे धावत जातात आणि मधली जमीन चरतात. टणक, पिटलेली जमीन असेल तर एका कोपऱ्यात कुदळीने माती मोकळी करून वर पालापाचोळा पसरा. बुरशी आलेला मात्र नको. कण्हेर, एरंड यांच्या बिया-पानांपासून ती जागा दूर असू द्या. भरल्या पोटी पाठवू नका. सकाळचं खाद्य तासभर उशिरा ठेवलं तर चरण्यात जीव येतो.

आणि चरून खाद्य फार वाचेल अशी अपेक्षा ठेवू नका. गवतात पाणीच जास्त.

प्रश्न : संध्याकाळी एका तलंगेच्या छातीवर उजव्या बाजूला लिंबाएवढी गाठ लागते. गवत खूप खाते.

उत्तर : ती दाण्याची पिशवी आहे. संध्याकाळी भरलेली असणं हे चरल्याचं लक्षण. तपासायची वेळ पहाट, दाणा-पाणी देण्याआधी. रिकामी, सपाट लागली तर प्रश्न मिटला. पहाटेही कणकेच्या गोळ्यासारखी घट्ट असेल तर लांब गवत, सुतळी किंवा पेंढा आत गुंतलाय. पाण्याच्या फुग्यासारखी मऊ लागून तोंडाला आंबूस वास येत असेल तर आत आंबवण सुरू झालंय.

घट्ट असेल तर खाद्य बंद, पाणी सुरू. चोचीच्या कडेने थेंब थेंब करत १-२ मिलिलिटर खाद्यतेल द्या. प्रत्येक थेंब गिळू द्या, घाईत श्वासनलिकेत जातं. मग बोटांनी हलकं चोळा, दिवसातून तीन-चारदा. कोंबडी उलटी धरून पिशवी पिळणारे असतात. तसं कधीच करू नका, पातळ पदार्थ फुप्फुसात जाऊन ती हातातच मरते. २४ तासांत गाठ हलली नाही, किंवा आंबूस वास असेल, तर पशुवैद्यक. पुढे खबरदारी एवढीच : चरण्याच्या जागेचं गवत बोटभर उंचीचं ठेवा आणि कापलेलं लांब गवत ढिगाने टाकू नका. उभं गवत ती चोचीने तोडून लहान तुकडा घेते, पडलेलं लांब पातं तसंच्या तसं गिळते.

प्रश्न : पकडताना पंखाचं एक कोवळं पीस मोडलं आणि रक्त थांबेना. काय करायचं?

उत्तर : स्वच्छ फडक्याने, मधे उचलून न बघता, पाच ते दहा मिनिटं दाबून धरा, मग त्या खुंटावर मक्याचं पीठ दाबा. रक्त पूर्ण सुकेपर्यंत कळपात सोडू नका. थांबलंच नाही तर खुंट मुळासकट काढावा लागतो. ते दुखतं आणि चुकीच्या दिशेने ओढलं तर पिसाचं मूळच बिघडतं, म्हणून जमत असेल तर पशुवैद्यकाकडून करवून घ्या. अखंड उपटल्या गेलेल्या पिसाच्या जागी काही आठवड्यांत नवं येतं. मोडलेलं, रक्त आटलेलं पीस मात्र पुढच्या पिसगळीपर्यंत तसंच राहतं. तलंगांना पंखाला धरून उचलू नये ते याचसाठी. दोन्ही तळहातांनी पंख अंगाशी मिटवून उचला.

प्रश्न : पंख पसरला की सगळ्या लांब पिसांवर एकाच रेषेत आडवी, फिकट चीर दिसते.

उत्तर : पीस रोज बुडाशी वाढत असतं. ज्या दिवशी उपास, आजार, प्रवास किंवा मोठी भीती वाट्याला येते, त्या दिवशीचा तुकडा कमकुवत विणला जातो. पहिल्या पोशाखाची पिसं जवळपास एकाच वेळी वाढतात, म्हणून चीर रेषेत दिसते. तिच्यावर इलाज नाही, तिथून पीस मोडू शकतं, पुढच्या पोशाखात ती जाते. एकच रेष असेल तर सोडून द्या. तीन-चार असतील तर पाणी वारंवार संपतंय का, रात्री खुराड्याजवळ कोणी येतंय का, हे बघा.

प्रश्न : नऊ आठवड्यांच्या तलंगा कुंपणावर चढतात. पंख आत्ताच छाटू का?

उत्तर : छाटलेत तर तीन आठवड्यांनी पुन्हा छाटावे लागतील, कारण पिसं बदलताहेत. शिवाय या वयात अर्धी पिसं रक्ताने भरलेली असतात. बुडाशी नळी काळपट-निळी दिसली तर कात्री लावायची नाही, पांढरी, अर्धपारदर्शक झाल्यावरच. मोठी झाल्यावर करायचंच असेल तर एकाच पंखाची बाहेरची दहा लांब पिसं, त्यांच्यावर पांघरलेल्या आखूड पिसांच्या टोकांच्या रेषेत कापा. दोन्ही पंख कापले तर तोल राहतो आणि ती तरीही चढते. मोकळ्या चरणाऱ्या पक्ष्याला मांजरापासून पळायला पंखच कामी येतात, म्हणून आमचा कौल कुंपण उंच करण्याला किंवा वर जाळी टाकण्याला.

प्रश्न : पिसांवरून नर-मादी कधी कळतं?

उत्तर : दहा ते चौदा आठवड्यांत, शेपटीच्या पुढे पाठीच्या उतारावरची पिसं बघा. तिथे लांब, टोकदार, चकाकणारी पिसं फुटत असतील तर नर. गोलसर टोकांची असतील तर मादी. एक दिवसाच्या पिल्लाच्या पंखावरून ओळखण्याची रीतही आहे, पण ती उशिरा पिसं फुटणारी आई आणि लवकर फुटणारा बाप अशा ठरवून केलेल्या संकरातच चालते, आणि तीही पहिल्या दोन-तीन दिवसांत. इतर पिल्लांवर ती लावणं म्हणजे नाणं उडवणं. सीब्राइट जातीचे कोंबडे तर मोठेपणीही मादीसारखीच गोल टोकांची पिसं मिरवतात, तिथे आरवण्याची वाट बघावी लागते.